पान भरेपर्यंत

"चार माणसांचं एक जेवण! त्यात काय एवढं?" शनिवारी रात्री ड्युटीवर निघताना वाल्मीक बायकोला म्हणाला. "रोज रात्री गाड्यांची रांग रिकामी करून घेतो मी. ड्रायव्हर शिव्या देतात, हमाल रुसतात, साहेब फोनवर ओरडतो. पण आजवर एक ट्रक चुकीच्या जागी लागला नाही. माझ्याच्यानं दोन व्याही सांभाळायचे नाहीत?"

"आधी व्याही होऊ द्या त्यांना," कलावती म्हणाली.

वाल्मीक भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये रात्रपाळीचा इनचार्ज होता. ट्रक पाठ लावून उभा राहतो त्या ओट्याला तिथे डॉक म्हणतात, आणि त्या डॉकवर त्याचा एकच नियम चाले. तो नियम रात्रभर ओरडून सांगितल्याने त्याचा घसा कायम बसलेला असायचा. एक गाडी खाली झाल्याशिवाय दुसरी डॉकला लागणार नाही!

प्रश्न त्यांच्या लेकीच्या, स्नेहलच्या, लग्नाचा होता. तिचं आणि मिथुनचं जमलेलं होतं. आता फक्त घरच्यांनी 'हो' म्हणायचं बाकी होतं, आणि तेच अवघड होतं. मिथुनचे वडील हिरामणराव पडघ्याचे. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, पंगतीचा कारभार त्यांच्याकडे. पंगतीत कुणी भात यायच्या आत वरणात बोट बुडवलं, तर त्याच्या घराण्याबद्दल हिरामणरावांचं मत कायमचं ठरून जाई. विचारांनी मात्र ते सुधारक. "पोहे खाऊन पोरगी बघायची पद्धत आपल्याला मान्य न्हाय," त्यांनी कळवलं होतं. "बाहेर कुठंतरी भेटू. आधी थोरं बोलतील, पोरं नंतर."

पोरांनी मग राहनाळजवळ नव्याने उघडलेलं फ्रेंच हॉटेल ठरवलं. तिथे मेनूकार्ड नव्हतं. जे असेल ते ठरलेलंच, सात पदार्थ! कोणी काय मागवायचं यावरून वाद नको, म्हणून स्नेहलला ते फार सोयीचं वाटलं.

रविवारी सकाळी तिने वडिलांना सगळं नीट समजावूनही सांगितलं. कोणता पदार्थ कधी येईल, कसा येईल, काय करायचं. वाल्मीक रात्रपाळी करून नुकताच खुर्चीत टेकला होता. तो डोळे मिटून "हं… हं…" म्हणत राहिला. त्याच्या 'हं'वर गोडाऊनमधला हमालसुद्धा विश्वास ठेवत नाही, पण मुलगी ती मुलगीच! कलावती तेव्हा आत साडीला पिना लावत होती. तिने तिथूनच आपल्या सूचना दिल्या. मुलाकडच्यांनी घास घेतल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. जांभई द्यायची नाही. आणि आत्ता काही खायचं नाही, तिथे सात पदार्थ आहेत!

अशा रीतीने न झोपलेला, न जेवलेला वाल्मीक दुपारी कलावतीसोबत त्या हॉटेलात पोचला आणि दारातच थबकला. हे तर जुनं गोडाऊन! चार वर्षांपूर्वी त्याने इथेच लहान मुलांच्या डायपरची खोकी उतरवून घेतली होती. आता भिंतींना राखाडी रंग होता, छताला काचेचे दिवे होते, आणि जिथे डॉक होता बरोबर तिथेच त्यांचं टेबल होतं. त्याला त्या ओट्यावर आडवं व्हावंसं वाटलं.

"जय भीम, वाल्मीकराव!" हिरामणराव पांढऱ्या कडक सदऱ्यात आधीच येऊन बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी सीताबाई. पोरं दोघंही समोरच्या चहाच्या टपरीवर, डोळे दाराकडे लावून.

"जय भीम! जय भीम!"

काळ्या एप्रनमधली अमरीन नावाची मुलगी आली. भिवंडीचीच होती. तिने प्रत्येकापुढे परातीएवढी पांढरी ताटली ठेवली. ताटलीच्या मधोमध बिटाची एक चकती होती, कॅरमच्या सोंगटीएवढी. तिच्यावर पांढरा ठिपका. ठिपक्यावर एक पान, तेही बहुधा चुकून पडलेलं.

"एन्जॉय कीजिए," अमरीन म्हणाली आणि गेली.

चौघेही ताटलीकडे बघत बसले.

"जागा बाकी भरपूर ठेवलीय," सीताबाई कौतुकाने म्हणाल्या. "इथं भात येईल. इथं भाजी. हे बीट म्हणजे कोशिंबीर दिसतेय."

"डाव्या बाजूला पायजे कोशिंबीर," हिरामणराव म्हणाले. "मधी वाढलीय. नवीन पोरगी हाय, शिकंल."

कुणी हात लावला नाही. कसा लावणार? पान पुरतं वाढून झालेलं नव्हतं! पोटात कावळे नाही, आख्खी गिधाडं ओरडत होती, तरी वाल्मीक हात मांडीखाली दाबून बसला. मुलाच्या बापाने अजून घास घेतला नव्हता.

थोड्या वेळाने अमरीन आली. "सर, स्टार्ट कीजिए ना!"

"येऊ दे, येऊ दे," हिरामणराव उदारपणे म्हणाले. "सगळं येऊ दे."

"और कोई आनेवाला है?"

"न्हाय. सगळी आलीत. तू वाढ बाळा, घाई न्हाय."

अमरीन गोंधळून आत गेली. आत मुबश्शिर नावाचा शेफ होता. बापाचे नारपोलीत कापडाचे लूम आणि मुलगा फ्रान्समध्ये स्वयंपाक शिकून आलेला! पहिली ताटली रिकामी होऊन परत आल्याशिवाय तो दुसरी सोडत नसे. त्याने दाराच्या काचेतून पाहिलं. चार माणसं हात बांधून, त्याच्या बिटाकडे टक लावून बसलेली! त्याचा चेहरा पडला.

इकडे वाल्मीकचा फोन थरथरला. स्नेहलचा मेसेज होता. 'पप्पा, काय म्हणतायत?'

वाल्मीकने खरं ते लिहिलं. 'अजून सुरुवात नाही. वाट बघतोय.'

टपरीवर स्नेहलने दुसरा चहा मागवला.

सीताबाई आणि कलावती हात धुवायला म्हणून उठल्या. हिरामणरावांनी संधी साधून खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला सुरुवात केली. आवाज संथ होता, एकसुरी होता, आणि एसी थेट वाल्मीकच्या मानेवर होता. पोरीची नोकरी… आमचं काय म्हणणं न्हाय… पुढे मैदान असं काहीतरी आलं, पंगत असं काहीतरी आलं. वाल्मीकच्या डोळ्यांपुढे एक लांबलचक ट्रेलर हळूहळू मागे येऊ लागला. येऊ दे… येऊ दे… त्याची मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

मांडीला चिमटा बसला तेव्हा तो जागा झाला. बायका परत आल्या होत्या. हिरामणरावांचा चेहरा का कोण जाणे, एकदम खुलला होता.

तेवढ्यात अमरीन आली आणि चारही ताटल्या उचलून घेऊन गेली!

हिरामणरावांचा खुललेला चेहरा मिटला. "वाढलेलं ताट उचललं?" ते हळू आवाजात म्हणाले, आणि तो हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "माणूस बसलेला असताना? आमच्यात मयताच्या घरीसुद्धा असं करत न्हाईत."

"अहो, बघा ना जरा!" कलावतीने वाल्मीकला ढोसलं. फोन पुन्हा थरथरत होता. 'पप्पा??? काय झालं?'

त्याने घाईघाईत लिहिलं. 'समोरचं ताट उचललं. हिरामणराव नाराज.'

टपरीवर स्नेहलच्या हातातला चहा सांडला.

आतून ताटल्या परत आल्या. मधोमध बिटाची चकती, वर ठिपका, वर पान. मुबश्शिरने सगळं नव्याने करून पाठवलं होतं.

"शेफने फ्रेश बनाया है," अमरीन काकुळतीला येऊन म्हणाली. "प्लीज सर, एक बाइट."

"पुन्हा कोशिंबीर?" सीताबाईंना भोवळ यायची बाकी होती. "अहो, स्वयंपाक व्हायचाय वाटतं अजून. भात शिजला नसेल. म्हणून टोलवतायत आपल्याला."

"मग सरळ सांगावं!" हिरामणराव म्हणाले. "आपण काय खाण्यासाठी आलो का? चला, उठू या. हे घडायचं लक्षण न्हाय." आणि त्यांनी मांडीवरचा रुमाल खरोखरच टेबलावर ठेवला.

कलावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीचं लग्न बिटाच्या चकतीवरून मोडत होतं! तिने नवऱ्याकडे पाहिलं. काहीतरी बोला, काहीतरी करा!

वाल्मीकने केलं. पण ते त्याने केलं असं म्हणता येणार नाही. डोकं कधीच झोपलेलं होतं, डोळे उघडे राहिले होते एवढंच. हात मात्र मांडीखालून आपला आपण निघाला, ताटलीपर्यंत गेला, चकती उचलली आणि तोंडात टाकली. ठिपक्यासकट, पानासकट! गिळल्यावर त्याला कळलं.

मुलीच्या बापाने मुलाच्या बापाआधी घास घेतला होता, आणि तोही न वाढलेल्या पानावर! कलावतीने पदर तोंडाशी नेला.

"थँक यू सर!" अमरीन जवळजवळ किंचाळली. वाल्मीकची ताटली तिने झडप घालून उचलली, आत पळाली आणि लगेच दुसरी घेऊन आली. तिच्यावर वाटीत दोन घोट गरम सूप होतं आणि कडेला बोटभर पाव.

वाल्मीकने सूपकडे पाहिलं. मग खालच्या फरशीकडे पाहिलं, जिथे पूर्वी त्याचा डॉक होता. आणि दिवसभरात पहिल्यांदाच तो पूर्ण जागा झाला.

"हिरामणराव!" तो ओरडला. "एक गाडी खाली झाल्याशिवाय दुसरी लागत नाही!"

"आं?"

"हे सगळं एकदम वाढत नाहीत! हे खाल्लं की पुढचं येतं! आपण खात नाही म्हणून ते देत नाहीत, ते देत नाहीत म्हणून आपण खात नाही!"

हिरामणरावांनी त्याच्याकडे पाहिलं, अमरीनकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं. चकती नाहीशी झाली. मग सीताबाईंची, मग कलावतीची. आतून एकदम सूप आलं, आणि काचेमागे मुबश्शिरने कपाळाचा घाम पुसला.

त्याच वेळी दार धाडकन उघडलं. स्नेहल रडत आत धावली, मागोमाग मिथुन. "काका, पप्पांचं काही चुकलं असेल तर मी माफी मागते! ते रात्रपाळीवरून आलेत! त्यांना झोप नाही! पण प्लीज, असं उठून जाऊ नका…"

तिला वाटी तोंडाला लावून सूप पिणारे हिरामणराव दिसले.

"बस बाळा," ते मिशा पुसत म्हणाले. "सून उभी बरी दिसत न्हाय. आणि रडतेस कशाला? व्याह्यांनी वेळीच घास घेतला म्हणून वाचलो, न्हायतर इथंच सगळ्यांचं उपोषण झालं असतं!"

व्याही! कलावतीने तो शब्द ऐकला आणि पावाचा तुकडा हातातच धरून ती हसत बसली.

पुढचं सगळं सुरळीत झालं. मासा आला, कोंबडी आली, कसलीतरी फेसाळ गोष्ट आली. वाल्मीकचं पोट काही भरलं नाही, पण शांत झालं. डोळ्यांवर पुन्हा ट्रेलर येऊ लागला.

"तर मग, मघाशी ठरलं तसं," हिरामणराव म्हणाले.

वाल्मीक दचकला. "काय ठरलं?"

"लग्न! बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार. हॉल न्हाय, आमच्या विहारापुढचं मैदान. बुफे न्हाय, पंगत. आणि पोरीच्या बापानं सोता भांडं हातात घेऊन शेवटच्या पंगतीपर्यंत वाढायचं. मी एकेक इचारत गेलो, तुम्ही मान हलवत गेलात. एकदा बी नको बोलला न्हाईत! तेव्हाच मी मनात बोललो, सोयरा असावा तर असा."

पडघ्याचं मैदान. मे महिना. वाल्मीकने कलावतीकडे पाहिलं. ती म्हणाली, "होणाऱ्या व्याह्यांना शब्द दिलात, आता पाळा!"

शेवटी चॉकलेटचा एक छोटा गोळा आला. सीताबाईंनी तो दातांनी कुरतडत कुरतडत संपवला आणि सुस्कारा सोडला. "अहो, लग्नात असंच वाढायचं का? एक खाऊन झालं की मग दुसरं, मग तिसरं… माणसाकडं कुणीतरी लक्ष देतंय असं वाटतं!"

हिरामणराव विचारात पडले. सात पदार्थ, प्रत्येकाकडे सात फेऱ्या. सगळा पडघा जेवायला. "कल्पना वाईट न्हाय," ते म्हणाले. "पण वाढायचं यांनीच. काय व्याही, तुमचं मत?"

पाच जणांनी वाल्मीककडे पाहिलं.

त्याची मान हळूहळू खाली गेली, आणि वर आली.

"ठरलं!" हिरामणराव म्हणाले.