नाव घातलेले वाडगे

थोरल्या जावेला कोथिंबीर हवी असली की ती खिडकीतून नुसती हाक मारते आणि कोथिंबीर दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येते, ही गोष्ट संयोगिताच्या मनाला फार लागलेली होती. ती स्वतः उचगावला नव्या कॉलनीत राहायची. पुढं बाग, मागं पेरू, दारात गाडी, आणि कोथिंबीर संपली तर गाडी काढायची. चार वर्षं झाली तरी शेजारच्यांची नावं तिला माहीत होती ती गेटवरच्या पाट्या वाचून.

उलट थोरली, वर्षाराणी. मंगळवार पेठेत, वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. पण कुठल्या लग्नात भेटली की बाईचं सुरू, "आमच्या पेठेत कसं हाय संयू, मला नुसती शिंक आली तरी तीन घरांतनं काढा येतोय." ते ऐकून घरी आलं की संयोगिताला त्या दिवशी हटकून शिंका यायच्या. काढा तिचा तिलाच करावा लागायचा.

त्याच गल्लीत, वर्षाराणीच्या घराला लागून, एक फ्लॅट विकायला निघाला. उचगावचं घर विकून तो घ्यायचा, असं संयोगितानं जाहीर केलं. तिचा नवरा सम्राट गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि घरी आल्यावर त्याला पेरूखाली खुर्ची टाकून गप्प बसायला आवडायचं.

"तुला नक्की काय पाहिजे," त्यानं विचारलं, "फ्लॅट, का वहिनीची जागा?"

संयोगितानं भांडी जरा जोरात लावली.

तेवढ्यात थोरल्या दीरांचं, हंबीररावांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठ दिवस धूळ आणि गोंगाट टाळायला सांगितलं. मंगळवार पेठेत राहून तो टाळायचा म्हणजे कठीणच. मग ठरलं की त्या दोघांनी उचगावला यायचं आणि ह्या दोघांनी पेठेत राहून बघायचं. पेठ मानवतीय का ते कळेल, आणि घरही उघडं राहील. फ्लॅटवाल्यानं रविवारपर्यंतची मुदत दिली होती.

पहिल्याच संध्याकाळी समोरच्या धोंडुबाई वर आल्या. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. हातात शेवग्याच्या शेंगांचं कालवण. संयोगिताला अगदी भरून आलं. पेठ म्हणतात ती हीच, असं तिनं सम्राटला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं तो वाडगा आरशासारखा लख्ख घासला आणि नेऊन दिला.

धोंडुबाईंनी वाडग्यात बघितलं. मग वाडगा उलटा करून बघितला.

"घासलायस मात्र झकास," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. कोपऱ्यावरच्या केळीवाल्यानं केळी देता देता विचारलं, "पावणं, रिकामा वाडगा तुम्हीच दिला न्हवं?" आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं. चार शेंगदाणे, साखरेची चिमूट, काहीतरी घालून द्यायचं असतं. हे संयोगिताला माहीत नव्हतं असं नाही. आजऱ्याला माहेरी तेच चालायचं. पण उचगावात चार वर्षांत बाहेरून वाडगाच आला नव्हता, त्यामुळं सवय मोडली होती. केळीवाला पुढं म्हणाला, "वर्षाअक्का असत्या तर..." आणि त्यानं वाक्य मुद्दाम अर्धं सोडलं.

हे 'वर्षाअक्का असत्या तर' मग आठवडाभर तिच्या पाठीमागं फिरत राहिलं. तिनं श्रीखंड करून दिलं, तर धोंडुबाई बोट चाटत म्हणाल्या, "ग्वाड हाय. वर्षाच्या हाताचं जरा वेगळं असतंय." पलीकडच्या चिमणाबाईंच्या भिंतीला सम्राटनं गाडी लावली, तर सकाळी बॉनेटवर धडपा पसरून पापड वाळत घातलेले. तो खाली गेला तेव्हा चिमणाबाई त्याला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "चार वाजेतोवर वाळू द्यात की. गल्लीत ऊन तेवढं तुमच्या गाडीवरच पडतंय." बिचारा रिक्षानं कामावर गेला. वर त्याला ऐकायला मिळालं की हंबीरराव गाडीच बाळगत नाहीत, किती समजूतदार माणूस.

गोंगाट, माशा, पहाटेचं पाणी, न विचारता आत येणारी माणसं, ह्यातलं काहीही संयोगिताला खुपलं नाही. खुपली ती एकच गोष्ट. ह्या गल्लीत राहायला यायचं तर वर्षाराणीची जाऊ म्हणून यायचं नाही. धोंडुबाईंच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं, की वर्षापेक्षा हिचं चांगलं. तेवढं झालं की फ्लॅट घ्यायचा.

शुक्रवारी तिनं तांबडा रस्सा केला. सासूबाईंच्या पद्धतीनं, दगडफूल घालून, मसाला पाट्यावर वाटून. घाम डोळ्यांत गेला तरी थांबली नाही. सम्राटनं कामावर जाता जाता चव बघितली आणि वाटी पुन्हा पुढं केली. त्याच्या बाबतीत ही फार मोठी पावती होती.

वर्षाराणीच्या फळीवर स्टीलच्या वाडग्यांची रांगच होती. एका बाईला इतके वाडगे कशाला लागतात, हा विचारही तिच्या मनात जळका डाग पाडून गेला. तिनं त्यातले सात घेतले, काठोकाठ भरले, वर ताटल्या झाकल्या. गल्लीतल्या बायका त्या दुपारी एका लग्नघरी हळद फोडायला गेल्या होत्या आणि दारं नेहमीसारखी नुसती लोटलेली होती. वर्षाराणीनं हजारदा ऐकवलं होतं, "आम्ही सरळ आत जातो, ओट्यावर ठेवतो आणि येतो. सांगत बसत न्हाय. खाल्ल्यावर कळतंयच की, कुणाचा हात हाय." संयोगितानंही तसंच केलं. सात घरं, सात ओटे. मग केसात गजरा माळून ती खिडकीत चहा घेऊन बसली आणि हाका येण्याची वाट बघू लागली.

हाका आल्या नाहीत. बायका परतल्या, आपापल्या घरात गेल्या, आणि थोड्या वेळानं धोंडुबाई हातात वाडगा घेऊन बाहेर पडल्या. संयोगितानं पदर सारखा केला. पण धोंडुबाई तिच्या जिन्याकडं वळल्याच नाहीत. त्या चिमणाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

हे नवल होतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी दोघींनी कांडप यंत्रावर चटणी एकत्र नेली होती आणि येताना डब्यांची अदलाबदल झाली होती. माझी चटणी लाल होती म्हणून तू मुद्दाम बदललीस, असं दोघीही म्हणत होत्या, आणि तेव्हापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. आत्ता चिमणाबाईही वाडगा घेऊनच दारात आल्या. दोघींनी एकमेकींच्या हातांकडं बघितलं. मग एकीनं डोळ्याला पदर लावला, दुसरीनं पाट पुढं सरकवला, आणि दार लोटलं गेलं.

बऱ्याच वेळानं धोंडुबाई धापा टाकत जिना चढून आल्या. डोळे लाल, चेहरा मात्र उजळलेला.

"चिमणी आली गं शेवटाला," त्या म्हणाल्या. "मी घरात नसताना गुपचूप ओट्यावर रस्सा ठिवून गेली. तिचाच वाडगा, नाव हाय की त्याच्यावर. तीन वर्सं मी म्हणत हुतो, आधी ती यील तवाच बोलीन. आणि ती येडी म्हणतीय, तूच आधी आलीस, तुझा वाडगा माझ्या ओट्यावर हाय. म्हटलं, असू दे. म्हातारपणी लाजतीय."

त्यांनी हातातला वाडगा पुढं केला. तळाशी घोटभर रस्सा उरला होता.

"तुझ्यासाठी राखलाय. चाखून बघ. वर्षालाबी असा जमायचा न्हाय."

संयोगितानं वाडगा हातात घेतला. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, सौ. चिमणाबाई. तिनं मान वळवून फळीकडं बघितलं. उरलेल्या वाडग्यांवरही नावं होती, प्रत्येकावर वेगळं. वर्षाराणीचं एकावरही नव्हतं. ते सगळे गल्लीचे वाडगे होते, भरून परत जायची वाट बघत बसलेले. आणि तिनं ह्याचा त्याला, त्याचा ह्याला पोचवला होता. आयुष्यातला सगळ्यात चांगला रस्सा सात घरांत गेला होता, आणि सातही घरं भलत्याच बाईचं कौतुक करत होती.

"धोंडुमावशी, तो..." ती म्हणाली.

"तो काय?"

खिडकीतून खाली चिमणाबाई दिसत होत्या. धोंडुबाईंचा वाडगा त्यांनी धुतला होता आणि पदरानं पुसत होत्या. तो पुसून कधीचा कोरडा झाला होता, तरी पुसत होत्या.

संयोगितानं तो घोट घेतला. रस्सा खरोखरच फर्मास झाला होता.

"झकास झालाय," ती म्हणाली. "चिमणाबाईंना सांगा."

"सांगतो की," धोंडुबाई जिना उतरता उतरता म्हणाल्या. "आणि तूबी जरा शिकून घे तिच्याकडनं."

सम्राट कामावरून आला तेव्हा ती पिशवी भरत होती. फ्लॅट नको म्हणून कळवा, असं तिनं सांगितलं. त्यानं कारण विचारलं.

"इथं माझाच रस्सा मला शिकून घ्यायला सांगत्यात."

सम्राटनं लगेच फ्लॅटवाल्याला फोन लावला. त्याला पेरूखालची खुर्ची दिसू लागली होती.

रविवारी ते उचगावला पोचले तेव्हा वर्षाराणी बॅगा घेऊन पायरीवर बसली होती. हंबीरराव काळा चष्मा लावून आधीच रिक्षात. वर्षाराणीनं तिला जवळ ओढलं आणि आवाज खाली केला.

"धोंडुमावशीचा फोन आलता. चिमणाबाईच्या रश्शाचं गुऱ्हाळ अर्धा तास. दगडफुलाचा वास काय म्हणं, रंग काय म्हणं. दगडफूल आपल्या सासूबाईंचं. चिमणाबाई कशाला घालतीय?" तिनं संयोगिताच्या हातावर थोपटलं. "मी बोललो न्हाय. तूबी बोलली न्हाईस, ते बरं केलंस."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संयोगिताला थोरल्या जावेबद्दल बरं वाटलं. ते बरं वाटणं रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत टिकलं. कारण तेवढ्यात शेजारच्या बंगल्यातली भैरवी, जिची पाटी ती चार वर्षं वाचत होती, धावत गेटपाशी आली.

"अय्यो, गेल्या वर्षाताई? त्यांच्याशिवाय आता करमायचं नाही बघा आम्हाला. तुम्ही त्यांच्या जाऊबाई का? तुम्हीपण इथंच राहता?"

संयोगिता तडक आत गेली. ओट्यावर वाडगे होते. स्टीलचे, काचेचे, एक पितळी, भिंतीला टेकून ओळीनं मांडलेले. कॉलनीतलं एकही घर सुटलं नसावं. सगळे रिकामे, सगळे धुतलेले, सगळे परत जायची वाट बघणारे.

तिनं कपाटातले आपले वाडगे बाहेर काढले. लग्नातले होते, पण एकावरही नाव नव्हतं. कधी घराबाहेर गेलेच नव्हते, तर नाव घालून करायचं काय होतं?

सम्राट नुकताच पेरूखाली टेकला होता. तिनं वाडग्यांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"उठा. येताना मटण आणि दगडफूल आणा," ती म्हणाली. "आणि आधी भांड्यांच्या दुकानात जावा. ह्या सगळ्यांवर माझं नाव घालून घ्या. लांबनं वाचता येईल एवढं मोठं."