अप्रशिक्षित डोळ्याला दिसलेले जंतू

विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात अठरा सूक्ष्मदर्शक होते आणि अठराही उत्तम स्थितीत होते, कारण पुसण्यापलीकडे त्यांना कुणी हात लावला नव्हता. काचेच्या कपाटात ते तीन रांगांत उभे असत. कपाटाची किल्ली विभागप्रमुखांच्या खणात असे, आणि त्या खणाला वेगळं कुलूप असे. दर तीन वर्षांनी तपासणी समिती येई, कपाटासमोर उभी राहून "वा, अगदी नव्यासारखे ठेवलेत" असं म्हणे आणि विभागाला उत्कृष्ट श्रेणी देऊन जाई.

पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक 'सूक्ष्मदर्शकाची ओळख' हे होतं. साठ विद्यार्थ्यांनी कपाटासमोर उभं राहून, काचेतून जेवढं दिसलं तेवढ्याची आकृती काढली. मागच्या रांगेतल्यांनी पुढच्या रांगेतल्यांच्या वहीतून काढली. एका मुलीने मात्र हात वर केला.

"सर, यातून दिसतं काय?"

विभागप्रमुखांनी तिच्याकडे वळून पाहिलं. नोकरीच्या एकोणीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"परीक्षेत पाच आकृत्या विचारतात," ते म्हणाले. "त्या दिसतात."

त्या दिवसापासून तिला 'शंकेखोर' हे नाव पडलं. ती एका घड्याळजीची मुलगी होती. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून आत बघायचं, हे तिने घरात लहानपणापासून पाहिलेलं. वडिलांची एकच शिकवण होती, "आधी उघडून बघ, मग बोल." पदवीच्या अभ्यासक्रमाला ही शिकवण फारच घातक होती.

पुढच्या प्रात्यक्षिकात बी पेरायचं होतं. शंकेखोरच्या दहापैकी तीनच बिया उगवल्या. तिने वहीत 'तीस टक्के' लिहिलं. सरांनी त्यावर लाल रेघ मारली.

"ऐंशी टक्के लिही."

"पण सर, तीनच उगवल्या."

"बी चुकलं असेल. तू कशाला चुकतेस?"

असं करत करत अडीच वर्षं गेली. शंकेखोरच्या वह्या लाल रेघांनी भरत गेल्या आणि वर्गमित्रांच्या वह्या गेल्या वर्षीच्या वह्यांवरून सुवाच्य अक्षरात भरत गेल्या. प्रत्यक्ष शिक्षण तिला मिळालं ते शनिवारी. शनिवारी प्रयोगशाळेतल्या मावशी किल्ली मागून घेऊन सूक्ष्मदर्शक पुसायच्या. मावशींच्या हुद्द्यात 'परिचर' एवढाच शब्द होता. पण बावीस वर्षं भिंगं पुसता पुसता, ती नीट पुसली गेली की नाही हे बघायला त्या आतून बघत आणि त्यामुळे संपूर्ण विभागात सूक्ष्मदर्शक वापरता येणाऱ्या त्या एकट्या होत्या. त्यांनी डबक्यातलं थेंबभर पाणी काचेवर ठेवलं आणि शंकेखोरला जवळ बोलावलं.

"भिंग हळूहळू खाली आण. जवळ आणायचं, टेकवायचं नाही. सासरी राहिल्यासारखं."

शंकेखोरने डोळा लावला. आत एक गाव धावत होतं. ती इतका वेळ बघत राहिली की मावशींना तिला खांद्याला धरून बाजूला करावं लागलं.

शेवटच्या सत्रात कार्यानुभव सक्तीचा होता. विद्यार्थ्यांना उद्योगविश्वाची ओळख व्हावी हा त्यामागचा उदात्त हेतू. कुणी औषधांच्या कारखान्यात खोक्यांच्या घड्या घालायला गेलं, कुणी दवाखान्यात रुग्णांना नंबर वाटायला. शंकेखोरच्या वाट्याला शहराची जलचाचणी प्रयोगशाळा आली.

तिथल्या मुख्य विश्लेषक मॅडम स्वभावाने प्रेमळ होत्या. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी काम समजावलं. छापील अहवाल होते, त्यावर 'पाणी पिण्यास योग्य आहे' हे आधीच छापलेलं होतं. फक्त तारीख आणि विभागाचं नाव घालायचं.

"आणि चाचणी?" शंकेखोरने विचारलं.

"चाचणी केली तरी हेच लिहायचं असतं ना? मग वेळ का घालवायचा?"

जंतू वाढवायची उष्ण पेटी एका कोपऱ्यात होती. तिच्यात कर्मचाऱ्यांचे जेवणाचे डबे ठेवत. सदतीस अंशांवर डबे काही गरम राहत नसत, पण जंतूंची मात्र आदर्श सोय होत असे. दुपारी पोट बिघडलं की लोक घरच्या तेलाला दोष देत.

तीन महिने शंकेखोर तारखा घालत राहिली. मग तिच्या कार्यानुभव वहीत एक अडचण निघाली. शेवटच्या पानावर रकाना होता, 'विद्यार्थ्याने स्वतः केलेली एक चाचणी'. मॅडमनी तो पाहिला आणि त्या गंभीर झाल्या. रिकामा रकाना हा त्यांच्या दृष्टीने एकमेव खरा दोष होता.

"एखादी करून टाक बाई. नियम म्हणजे नियम."

त्याच आठवड्यात शंकेखोरच्या गल्लीत घरटी एक माणूस आजारी होतं. तिचे वडील तर चार दिवस दुकानात गेले नव्हते. उलट्या-जुलाबाने त्यांचे हात इतके थरथरत होते की चिमट्यात स्क्रू धरवत नव्हता. तिने स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी उकळलेल्या बाटलीत भरून नेलं, पेटीतले डबे बाहेर काढले, पेटी पुसली आणि ते पाणी जंतू वाढवायच्या द्रवात मिसळून त्याच्या काचेच्या नळ्या आत ठेवल्या. दोन दिवसांनी नळ्यांतलं पाणी गढुळलं होतं आणि वर बुडबुडे आले होते. तिने कपड्याने झाकलेला सूक्ष्मदर्शक उघडला, थेंब ठेवला आणि मॅडमना हाक मारली.

मॅडम पाहत राहिल्या. "हे काय हलतंय?"

"मैल्यातले जंतू, मॅडम. गटाराचं पाणी नळात येतंय."

मॅडम ताठ झाल्या. "कुणाच्या परवानगीने?"

जंतूंनी परवानगी घेतली नव्हती हे उघड होतं. पण खरी पंचाईत वेगळीच होती. छापील अहवालात 'अयोग्य' हा शब्दच नव्हता. नवा नमुना छापायचा तर वरून मंजुरी हवी, मंजुरीसाठी कारण हवं, आणि कारण लिहायचं तर आजवरचे सगळे अहवाल कुठल्या आधारावर दिले, हा प्रश्न येणार. म्हणून मॅडमनी विद्यापीठाला पत्र पाठवलं, 'आपल्या विद्यार्थिनीस जंतू ओळखण्याचे प्रशिक्षण आहे काय, ते कळवावे.'

विद्यापीठात चौकशी समिती बसली. मधल्या खुर्चीत विभागप्रमुख होते.

"तू सूक्ष्मदर्शकातून पाहिलंस?"

"हो सर."

"आपल्या नोंदवहीप्रमाणे गेल्या नऊ वर्षांत एकही सूक्ष्मदर्शक वापरासाठी कपाटाबाहेर काढलेला नाही. मग तू शिकलीस कुठे?"

शंकेखोरने हिशेब केला. मावशींचं नाव घेतलं तर मावशी जाणार, नाही घेतलं तर जंतू जाणार. शेवटी दारातूनच आवाज आला.

"मी शिकवलं."

समितीला पाणी घेऊन आलेल्या मावशी ट्रे हातात धरून उभ्या होत्या.

"तुमचं काम पुसायचं आहे," विभागप्रमुख म्हणाले.

"पुसतेच की. पण स्वच्छ झालं का ते बघायला नको? तुम्ही नाही बघत, म्हणून मी बघते."

समितीने तीन निष्कर्ष काढले. परिचराने दिलेलं शिक्षण हे शिक्षण नव्हे. सबब विद्यार्थिनीचा डोळा अप्रशिक्षित आहे. अप्रशिक्षित डोळ्याला दिसलेली वस्तू दिसलेली धरता येत नाही. मावशींना लेखी ताकीद मिळाली, यापुढे भिंगं डोळे मिटून पुसावीत. शंकेखोरची पदवी रोखण्यात आली. तिने चाचणी 'योग्य पद्धतीने' पुन्हा करावी, मग बघू.

शंकेखोर घरी आली ती थेट दारोदार निघाली. "पाणी उकळून प्या," तिने प्रत्येक घरी सांगितलं. पहिल्या दिवशी लोकांनी आभार मानले. दुसऱ्या दिवशी विचार केला. तिसऱ्या दिवशी शिष्टमंडळ घेऊन ते जलचाचणी प्रयोगशाळेत गेले.

मॅडमना वाटलं, आता दगड पडणार. त्यांनी खिडकी लावून घेतली. पण गल्लीचे पुढारी, एक निवृत्त मुख्याध्यापक, हात जोडून उभे होते.

"मॅडम, आमच्यावर अन्याय होतोय."

"पाण्याचा?"

"पाण्याचं काय घेऊन बसलात! त्या मुलीचा. गल्लीचं पाणी खराब म्हणून बभ्रा झाला तर भाडेकरू येतील का? मुलींची लग्नं जमतील का? झाकली मूठ सव्वा लाखाची. जंतू असतील तर असू देत, पण आमच्या गल्लीच्या नावावर नकोत."

मॅडमचे डोळे पाणावले. इतकी समंजस जनता त्यांनी पाहिली नव्हती. दहा मिनिटांत गल्लीला 'योग्य' अहवाल मिळाला, आणि तो चौकातल्या फलकावर डकवला गेला. अहवालाखाली उभं राहून मुख्याध्यापकांनी भाषण केलं. ते अर्धवट टाकून त्यांना घाईघाईने घरी पळावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

घड्याळजींना सलाइन लावलं होतं. शंकेखोर त्यांच्या उशाशी बसली.

"बाबा, पदवी हवी असेल तर पुन्हा चाचणी करताना जलचाचणी कार्यालयाच्या नळाचं पाणी तपासायचं, असं कळवलंय. तो नळ वेगळ्या टाकीवर आहे. स्वच्छच निघणार."

"मग ते खोटं होईल का?"

"नाही. पाणी खरंच स्वच्छ आहे. फक्त ते आपण पीत नाही."

घड्याळजींनी सलाइनचा हात सावरत तिच्याकडे कूस वळवली. "बाहेर राहून ओरडलीस तर तुझ्या तोंडाला पानं पुसतील," ते म्हणाले. "आत जा. पण आत गेल्यावर झोपू नकोस."

तिने कार्यालयाचा नळ तपासला. पाणी योग्य निघालं, डोळाही त्याच क्षणी प्रशिक्षित ठरला. तिला प्रथम श्रेणी मिळाली. आणि शहरात सूक्ष्मदर्शक हाताळता येणारी दुसरी पदवीधर सापडेना, म्हणून वर्षभरात जलचाचणी प्रयोगशाळेतच नोकरी मिळाली.

पहिल्याच आठवड्यात तिने गल्लीचं पाणी पुन्हा तपासलं. जंतू होते तिथेच होते, संख्येने थोडे अधिक. या वेळी तिने आरडाओरडा केला नाही. नियमपुस्तक काढलं, ते दोनदा वाचलं, आणि एक कलम शोधलं. वीस नागरिकांनी सह्या केल्या, तर रस्ता खणून जलवाहिनी बदलणं खात्याला बंधनकारक होतं. तिने अर्ज तयार केला, त्याला दोन रकाने केले, मॅडमकडून रीतसर मंजूर करून घेतला. 'सुधारित नमुना' हे शब्द वाचून मॅडमनी पुढचं न वाचता सही केली.

महिन्याभराने तेच शिष्टमंडळ खिडकीशी आलं. मुख्याध्यापक वाळले होते.

"पाण्याला वास येतोय," ते म्हणाले.

"या अर्जावर सही करा काका. डावीकडे पाणी, उजवीकडे अहवाल. काय हवं ते सांगा."

"दोन्ही नाही मिळणार?"

"पाणी हवं असेल तर तुमच्या गल्लीचं नाव 'दूषित' म्हणून नोंदीत येईल, रस्ता खणला जाईल, आठवडाभर नळ बंद. अहवाल हवा असेल तर आत्ता देते."

शिष्टमंडळाने एकमेकांकडे पाहिलं. कुणाच्या घरी पुढच्या आठवड्यात पाहुणे होते, कुणी नुकतीच नवी फरशी घातली होती. मुख्याध्यापकांनी पोटावरचा हात काढून पेन घेतलं.

"आधी अहवाल द्या. पाण्याचं बघू."

उजवा रकाना त्या दिवशी भरला. पुरवणी कागद जोडावे लागले. डाव्या रकान्यात आजवर एकच सही आहे. थरथरत्या हाताची, एका घड्याळजीची. खाली एकोणीस जागा रिकाम्या आहेत. त्यासाठी त्याच गल्लीत राहण्याची अट नाही, शहरातल्या कुणाचीही सही चालते. खिडकी अकरा ते पाच उघडी असते. तुम्हाला आज वेळ नसेल, हे गृहीत धरलेलंच आहे.