काटेरावांचा चोवीस अक्षरी पासवर्ड

बाळांनो, जरा सरकून बसा. एका जंगलात सिंहमहाराजांची कचेरी होती. कचेरीत नवे संगणक आले. त्यांच्यावर पेंग्विनचं चित्र होतं. संगणक चालवणारी ही पेंग्विनवाली यंत्रणा फुकट मिळते असं कळल्यावर महाराजांनी ती ताबडतोब पसंत केली होती.

संगणकांची देखभाल काटेराव साळिंदराकडे होती. त्यांचं एकच पालुपद असे, "जागेवरून उठलात, की स्क्रीन लॉक!" कुणी ती उघडी ठेवून चहाला गेलं, की काटेराव त्याच्या खुर्चीत बसत आणि त्याच्याच नावाने सगळ्या कचेरीला पत्र पाठवत, 'मी गाढव आहे.' गाढवाने लेखी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी मजकूर 'मी बेफिकीर आहे' असा करून दिला.

हरीण, अस्वल, माकड, सगळे एकेकदा सापडले. काटेराव कधी सापडले नाहीत. याचा त्यांना फार अभिमान होता.

एकदा महाराजांनी फर्मावलं, "भर दरबारात तुमचं काम दाखवा. आवडलं तर मुख्य अधिकारी करू. नाहीतर पाणथळीच्या चौकीवर बदली."

पाणथळीत मगरी होत्या.

दरबार भरला. काटेरावांची स्क्रीन भिंतीवर मोठी करून लावली होती. ते सुरक्षिततेवर बोलू लागले. छान बोलत होते. इतकं छान, की माऊसला हात लावायचं राहूनच गेलं. मिनिटभरात स्क्रीन आपोआप लॉक झाली. ही सोय त्यांनीच करून ठेवली होती.

"उघडा," महाराज म्हणाले.

काटेरावांनी पासवर्ड टाकला. चुकला. सकाळीच त्यांनी नवा, चोवीस अक्षरी पासवर्ड घातला होता, कुणालाही ओळखता येऊ नये असा. त्या 'कुणालाही'मध्ये आपणही येतो, हे तेव्हा सुचलं नव्हतं. हसू नका, बाळांनो. मी परवाच माझा पासवर्ड शेजारच्या काकूंना विचारून आलो.

दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदाही. काटेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'सगळ्यांना शिकवणारा मी,' त्यांना वाटलं, 'मीच खरा...' पण गाढव समोरच बसलं होतं, म्हणून पुढचा शब्द त्यांनी मनातच गिळला.

"चिठ्ठीवर लिहिला होता, महाराज. पण चिठ्ठी कुठे ठेवली..."

चहा देणाऱ्या गोदाक्का मुंगूस पुढे आल्या. "भाऊ, ती तुमच्या पाठीवर हाय की! काट्याला टोचलीया. तुमची समदी कागदं तितंच तर असत्यात."

"तुम्हाला दिसते?"

"समद्यास्नी दिसती. फकस्त तुमास्नी दिसत न्हाई."

मग हरीण, अस्वल आणि माकड यांनी चिठ्ठीकडे न बघता चोवीसही अक्षरं एका सुरात म्हणून दाखवली. ती त्यांना सकाळीच पाठ झाली होती. स्क्रीन उघडली. काटेराव मान खाली घालून मगरींचा विचार करू लागले.

महाराज म्हणाले, "इथे कुणी रजेवर गेलं की त्याचं काम अडतं. काटेराव, तुमचं कधीच अडलं नाही. का, ते आज कळलं. तुम्हीच मुख्य अधिकारी!"

काटेरावांना भयंकर लाज वाटली. पण पद काही नाकारलं नाही.

तात्पर्य : कुलूप असं लावावं, की आपण सोडून सगळ्यांना उघडता येईल. किल्ली जपणारा आहे त्याच खुर्चीत म्हातारा होतो.