अॅडमिरलचं घोरणं

टोर्किल डॉक्टरने अॅडमिरलच्या नाकपुड्या रुंद करायला सुरी उचलली आणि यंत्र बोंबलायला लागलं. पडद्यावरची श्वासाची रेघ आडवी, आकडा शून्य.

अॅडमिरल हा चपट्या तोंडाचा बुलडॉग. जागा असला तरी घोरायचा. त्याची मालकीण आल्मा बाहेर बसली होती. नवरा गेल्यापासून तिच्या घरात तेवढाच एक आवाज उरला होता. "जिवंत परत द्या म्हणजे झालं," एवढंच ती म्हणाली होती.

"भूल जास्त झाली का रे?" नर्स गुद्रुनने विचारलं.

"तूच दिलीस. मला काय विचारतेस?"

"घशातली नळी तर नीट बसलीय."

"मग हा श्वास का घेत नाही?"

कुत्र्याकडे बघावं असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. यंत्र नवंकोरं होतं, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?

"जुनी पद्धत!" टोर्किल ओरडला. "स्वतःचा श्वास रोख. जीव कासावीस झाला की नळीला लावलेला हवेचा फुगा दाब. आपल्याला हवा लागली म्हणजे त्यालाही लागली."

गुद्रुनने श्वास रोखला. अर्धं मिनिट गेलं. ती निवांत छताकडे बघत होती.

"अगं, दाब की!"

तिने मानेनेच नकार दिला. ही बाई वीस वर्षं भर जानेवारीत बर्फगार समुद्रात बुड्या मारत आली होती. तिला इतक्यात हवेची आठवण येणं शक्य नव्हतं.

"तुझ्या नादात कुत्रा मरेल! मी रोखतो. मी मान हलवली की तू दाब."

टोर्किल चाळीस वर्षं पाइप ओढत होता. दर तीन सेकंदांनी त्याची मान हलू लागली.

"अरे, फुटेल कुत्रा!" गुद्रुन म्हणाली. "पुरुषासारखा पुरुष तू, जरा दम धर की."

हे त्याला झोंबलं. त्याने गाल फुगवून असा दम धरला की आधी लाल झाला, मग जांभळा, आणि धाडकन आडवा झाला. पायातला लाकडी जोडा उडून भिंतीवर आदळला. त्याच क्षणी यंत्र गप्प झालं आणि पडद्यावर श्वासाचे डोंगर उमटू लागले.

गुद्रुनने खाली पाहिलं. कुत्र्याचा श्वास यंत्रापर्यंत नेणारी बारीक नळी चपटी झाली होती; इतका वेळ डॉक्टर आपल्या सगळ्या वजनानिशी तिच्यावरच उभे होते. लाकडातून पायाला काय कळणार? अॅडमिरल पहिल्यापासून मजेत श्वास घेत होता.

ऑक्सिजन हुंगून टोर्किल उठला, नुसत्या मोज्यांवर उभं राहून त्याने नाकाचं ऑपरेशन पुरं केलं आणि "पाच मिनिटं पडतो" म्हणत टेबलाशेजारी जमिनीवर लवंडला.

तासाभराने गुद्रुनने आल्माला आत बोलावलं. टेबलावर अॅडमिरल पडलेला, आणि खोलीत चिडीचूप.

"आवाज नाही," आल्माचा चेहरा पांढरा पडला. "गेला ना?"

"अहो, डोळे बघा त्याचे! आता मोकळा श्वास घेतोय, म्हणून आवाज नाही."

आल्माने त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडली. तेवढ्यात खालून एक दणदणीत घोरणं सुरू झालं. ती दचकली, मग वाकून बघत राहिली.

"यांची घरी कुणी वाट बघत असेल?"

"छे हो. एकटाच आहे. उठवते थांबा."

"नको," आल्मा म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि अॅडमिरलच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले. "राहू दे जरा. मी ऐकतेय."