गोंदणखेड्याचे हवाई मुसाफर

फसली १३५५ साली, निजामाच्या अमदानीत, ऐन उन्हाळ्यात, मौजे गोंदणखेडा येथील गायरानावर हवाई जहाज उतरणार असल्याचा हुकूम तहसील कचेरीतून आला. हुकूम माझ्या नावाने होता, कारण गावचा पटवारी मी, धर्मराज. वाटूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात तोवर वरून उतरलेल्या गोष्टी दोनच, गारा आणि टोळ. पण सरकारने ठरवल्यावर जहाज उतरणार की नाही, अशी शंका काढणं पटवाऱ्याच्या कामात बसत नाही. मी हुकूम कपाळाला लावला आणि दवंडी पिटवली.

हुकुमाचा मतलब असा होता. हैदराबादेकडे जाणाऱ्या जहाजाला वाटेत कधी अडचण आली, तर उतरायला सपाट जागा हवी. उतरलेल्या मुसाफरांची गैरसोय होऊ नये म्हणून तिथे एक मुसाफिरखाना हवा. त्यात बारा खुर्च्या, पांढऱ्या चादरी आणि बारा जणांना पुरेल असा फराळ हरघडी तयार हवा. फराळात काय, तेही लिहिलं होतं: चहा, बिस्कुट, समोसा, उकडलेली अंडी आणि आंब्याचा मुरब्बा. जहाज कोणत्या दिवशी येणार ते मात्र लिहिलेलं नव्हतं. शेवटी एक कलम होतं की, सालभरात एकही मुसाफर फराळाला न बसल्यास मुसाफिरखाना उठवावा आणि जमीन गावाला परत करावी.

हे शेवटचं कलम गावात एकाच माणसाने कान देऊन ऐकलं. तो सांडू. त्याच्याजवळ साठ मेंढरं होती आणि ती त्याच गायरानावर चरत होती. बापजाद्यांपासून त्याच्या घरात दुसरी इस्टेट नव्हती.

"म्हंजे अण्णा, सालभर कळ काढली की गायरान माघारी?" त्याने मला विचारलं.

"कोणी मुसाफर जेवला नाही तर माघारी. तसं साफ लिहिलंय."

"मंग काढतो कळ. इथं कुटलं जहाज येतंय, बोडख्याचं!"

बायको बायनाबाई आणि चार कोकरं घरी ठेवून सांडू कळप घेऊन कुंभार पिंपळगावाकडे, सासुरवाडीला गेला. तिकडे परक्याच्या बांधाबांधाने मेंढरं चारायची आणि दिवस मोजायचे, एवढाच त्याचा बेत होता.

इकडे गायरानाला काटेरी कुंपण पडलं, पत्र्याचा मुसाफिरखाना उभा राहिला आणि आचारी म्हणून भुजंगची नेमणूक झाली. भुजंगने बदनापूरच्या ठेसनावर सहा महिने चहा विकलेला होता. साहेब लोक काय खातात हे गावात त्याच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नव्हतं. त्याने ते गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. समोसा त्याला चांगला जमला. बिस्कुट त्याने ज्वारीचं पीठ आणि गूळ एकत्र थापून केलं. ते पोलीस पाटील आबाराव यांनी दाढेखाली धरलं, तेव्हा बिस्कुट शाबूत राहिलं आणि दाढ हलली.

पहिल्या दिवशी बारा ताटं सजली. आम्ही सगळे वर बघत बसलो. घारी आल्या. दिवस कलला तशी भुजंगने हाक मारली, "अण्णा, आता याचं काय करू?"

मी हुकूम पुन्हा वाचला. शिळा फराळ दुसऱ्या दिवशी वाढू नये, फेकून द्यावा. मुसाफराखेरीज इतर कोणी खाल्ल्यास गुन्हा समजला जाईल.

"फेकायचं?" आबाराव पाटील ताडकन उभे राहिले. "तुपात तळलेलं अन्न फेकायचं? सात पिढ्या नरकात जातील माझ्या!"

"पण मुसाफर आलेच नाहीत, पाटील."

पाटलांनी एक समोसा उचलून हुंगला. मग त्यांना जे सुचलं ते सुचायला आमच्याच गावचा माणूस पाहिजे. "मला सांगा अण्णा, पित्तरपाठात माझा बाप सवताहून जेवायला येतो का? न्हाई ना! त्याच्या नावानं हा रखमाजी पाटावर बसतो, खीर-वडे हाणतो, अन् ते बापाला बराबर पोचतं. दर साली पोचतं. मंग मुसाफराचं न्हाई का पोचनार?"

रखमाजी हा गावचा कायमचा पित्तर. भरल्या पोटाने त्याला कोणी पाहिलं असेल तर ते भाद्रपदातच. तो म्हणाला, "म्या तयार हाय. मुसाफराच्या आत्म्याला थंडावा भेटंल."

"मुसाफर जिवंत आहेत रे!"

"मंग तर अजूनच चांगलं."

पण मी कायद्याचा माणूस. तहसिलीतले पेशकार काकासाहेब यांना लेखी विचारलं. काकासाहेब स्वतः चौकशीला आले, चार समोसे चौकशीत खर्ची घातले आणि बोटं पुसत म्हणाले, "ज्याच्या नावानं जेवला तो तोच. धर्मशास्त्रात आहे. फक्त वहीत नाव साहेबी टाका, आणि आमची दोन ताटं तपासणीसाठी दररोज बाजूला काढत जा."

दुसऱ्या दिवसापासून गोंदणखेड्यात मुसाफर उतरू लागले. रखमाजी टामस साहेब झाला. गायरानाशेजारचा शेतकरी पुंजाराम विल्यम साहेब झाला. आबाराव पाटलांनी साध्या साहेबाच्या नावाने बसायला साफ नकार दिला. गावात पाटील आणि हवेत साधा साहेब, हे त्यांना पटेना. शेवटी त्यांना लाटसाहेबाचा सख्खा मेहुणा केला, तेव्हा कुठे ते पहिल्या खुर्चीवर बसले. मग पहिला दर्जा आणि दुसरा दर्जा यावरून भावकीत भांडणं जुंपली. ज्यांनी उभ्या जन्मात बैलगाडीच्या बावकडाच्या लाकडावर बसून प्रवास केला, ते मुरब्बा आधी कोणाला, यावरून एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले. मी स्वतः कधी खुर्चीवर बसलो नाही. मी सरकारी माणूस, मी उभ्याने खात असे.

वहीत मुसाफराची सही लागे. आमच्या मुसाफरांनी अंगठे उठवले. महिनाभराने वर विचारणा झाली की, गोरे मुसाफर झाडून सगळे अंगठेबहाद्दर कसे? मी अदबीने कळवलं की, जहाज फार हलल्यामुळे हाताला कापरं भरतं, सही होत नाही. खुलासा मंजूर झाला. एवढंच नव्हे, तर हादरलेल्या मुसाफरांना जास्तीचा चहा द्यावा, असा हुकूम आला.

पुढे तक्रारवही आली. मुसाफरांच्या मनात काय आहे ते सरकारला कळलं पाहिजे, असं धोरण ठरलं होतं. फुकटचं अन्न पहिल्या आठवड्यात गोड लागतं आणि दुसऱ्या आठवड्यात त्यात मीठ कमी पडतं, हा माझा अनुभव आहे. टामस साहेबाने लिहवलं की चटणीला झटका नाही. विल्यम साहेबाने लिहवलं की बिस्कुट बंद करून भाकर चालू करावी. लाटसाहेबाच्या मेहुण्याने ठेच्याबरोबर कच्चा कांदा मागितला आणि तो सुरीने न कापता बुक्कीने फोडलेला असावा, अशी पुस्ती जोडली. दोन महिन्यांत सगळं मंजूर होऊन आलं. सोबत शेरा होता: विलायती मुसाफरांस या मुलखाचा फराळ पसंत पडत आहे, ही समाधानाची बाब आहे.

समाधान वाढलं की कारभारही वाढतो. एवढे मुसाफर उतरतात तर बारा खुर्च्या कशा पुरतील? चाळीस झाल्या. चाळीस मुसाफर उतरवायचे तर जहाजं मोठी लागणार आणि मोठ्या जहाजाला मैदान मोठं लागणार. तेव्हा गायरानाला लागून असलेली पाच शेतं कुंपणात घेतली. त्यात पुंजारामचं विहिरीचं शेत गेलं. तो दोन दिवस डोकं धरून बसला. तिसऱ्या दिवशी त्याला पहिल्या दर्जाची कायमची खुर्ची दिली, तशी त्याची समजूत पटली.

अकराव्या महिन्यात सांडू परतला. साठ मेंढरांतली बावीस उरली होती. काही रोगाने गेली, काही बांधावर चरली म्हणून लोकांनी कोंडवाड्यात घातली आणि ती सुटलीच नाहीत. तो स्वतः बाभळीच्या फाट्यासारखा वाळला होता, पण चेहऱ्यावर आनंद होता. एक महिना राहिला होता ना! कळप घेऊन तो तडक गायरानावर आला आणि कुंपणाबाहेर थबकला. आत चाळीस ताटं वाढलेली होती आणि सगळं गाव मांडीवर पांढरा रुमाल टाकून जेवत होतं. तिसऱ्या रांगेत बायनाबाई बसली होती. वहीत तिचं नाव मेरी मडम.

"तू बी?" सांडू एवढंच म्हणाला.

बायनाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. मग ती उसळली. "मंग काय करू? तू तिकडं गेल्ता. कोकरं मेली, घरात दाना न्हाई. समदं गाव खाऊन राह्यलं अन् म्या एकटीनं उपाशी मरू? म्या न्हाई बसले तर ते ताट कुत्र्याला जातंय!"

"तुझ्या एकेका घासानं आपलं गायरान चाललंय, बायना."

"माझ्या एकटीच्या?" ती म्हणाली आणि रडू लागली. बाकीचे मुसाफर खाली मान घालून जेवत राहिले.

साल पुरं झालं तसा सांडू परतूरला गेला, अर्जनवीस गाठला आणि अर्ज ठोकला: सालभरात एकही जहाज उतरलं नाही, सबब गायरान मोकळं करावं. मला अर्जाची नक्कल आली तेव्हा वाईट वाटलं. गरीब माणसाने असं एकदम खरं लिहू नये.

चौकशीला हवाई मुसाफिरी खात्याचे मोठे अंमलदार, मोहतमिम साहेब आले. ते परतूरच्या ठेसनापासून बैलांच्या दमणीत बसून आले आणि दिवसभराच्या हिसक्यांनी कंबर धरून उतरले. त्यांनी आधी फराळ केला. ठेचा दोनदा घेतला. मग चाळीस मुसाफरांना उभं करून विचारलं, "बोला. जहाज आलं होतं?"

"आल्तं, साहेब!" गाव एका आवाजात म्हणालं.

"किती वेळा?"

"रोजच येऊन राह्यलं, साहेब," रखमाजी म्हणाला. "इतवारी दोनदा."

सांडू पुढे झाला. "साहेब, मेंढरं राखनारा मानूस म्या, मला कचेरीतलं कळत न्हाई. पर जहाज रोज येतंय, तर तुमी दमनीत बसून का आले?"

साहेबांबरोबर आलेल्या काकासाहेब पेशकारांना ठसका लागला. मोहतमिम साहेब मात्र जराही डळमळले नाहीत. "जहाजात जागा मिळाली नाही," ते म्हणाले. "तुमच्याच गावच्या मुसाफरांनी भरलेली असतात."

मग त्यांनी वही पुढ्यात ओढली आणि शांतपणे सांडूला कायदा समजावला. "हे बघ, तुझ्यावर माझा राग नाही. या वहीत ज्याचा अंगठा नाही असा सबंध गावात तू एकटाच आहेस. म्हणून तुझाच जबाब मी खरा धरणार. जहाज आलं नाही म्हणालास, तर गायरान उद्या सकाळी तुझं. पण मग हे चाळीस लोक मुसाफर नव्हते. मुसाफर नसताना सरकारी फराळ खाल्ला. सहा सहा महिने सक्तमजुरी, पटवाऱ्यासकट. बायामाणसांना सूट नाही. आता सांग. जहाज आलं होतं?"

सांडूने गायरानाकडे पाहिलं. उन्हाळा असूनही कुंपणाच्या आत सालभर कोणी न चरलेलं गवत कमरेइतकं वाळून उभं होतं आणि बाहेर बावीस मेंढरं काट्यांतून तोंडं घालत होती. मग त्याने बायनाबाईकडे पाहिलं. ती पदर तोंडात कोंबून उभी होती. पाटील, पुंजाराम, रखमाजी, मी, आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"सांडूभाऊ, नीट आठव रे बाबा," लाटसाहेबाचा मेहुणा हात जोडून म्हणाला.

"आल्तं, साहेब," सांडू म्हणाला. "म्याच मेंढरामागं होतो. माझी नजर वर गेली न्हाई."

साहेबांनी अर्ज निकाली काढला. खोटा अर्ज केल्याबद्दल सांडूला समज दिली आणि जाताना मैदान नाल्यापर्यंत वाढवायची शिफारस लिहिली. गावाने सुटकेचा श्वास सोडला आणि चहा गरम करायला सांगितला. पाटलांनी मोठ्या मनाने सांडूलाही एक खुर्ची देऊ केली, दुसऱ्या दर्जाची. तो बसला नाही. चार दिवसांत उरलेली मेंढरं बाजारात गेली. नवरा-बायको परमुलखात दगड फोडायला निघून गेले, असं ऐकतो. बायनाबाई जाताना कोणाशी बोलली नाही.

एवढं वाचून तुम्हाला सांडूची कीव आली असेल. आम्हाला आली नाही असं समजू नका. तो गेला त्या दिवशी सबंध गाव हळहळलं. पुंजारामने मुरब्बा नको म्हणून सांगितलं. मी एरवी चार समोसे खात असे, त्या दिवशी दोनच खाल्ले. आमच्या जागी तुम्ही असता तर किती कमी खाल्ले असते, तेवढं मनातल्या मनात ठरवून ठेवा. खरा आकडा आम्हाला कळवायची गरज नाही.