देवरावकाकांच्या फुगलेल्या नसा

आमच्या शेजारचे देवरावकाका घरी आलेल्या माणसाला चहाच्याही आधी स्वतःच्या डोळ्याच्या आतला फोटो दाखवतात. नारिंगी गोळा आणि त्यावर लाल रेषांचं जाळं. "हा माहा पडदा. ही मेन लाइन, ह्या लॅटरल. कोरोनानं येवढे पहिलवान नेले, मास्तर. माह्या फकस्त नसा फुगवल्या. मी काही हटलो नाही." भातकुलीत ठिबकवर झेंडू आणि वांगी काढणारा माणूस डोळाही ठिबकच्या नळ्यांसारखाच समजावणार. काकू त्याच साथीत गेल्या, हे मात्र ते फोटोसोबत सांगत नाहीत.

नसांचं कळलं ते चष्म्याचा नंबर काढताना. नजरेला धोका नव्हता, दर सहा महिन्यांनी दाखवून जा, एवढंच डॉक्टर म्हणाले. काकांनी एकही तारीख चुकवली नाही. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची तोडणी टाकून गेलेत. आणि जातात कुठे, तर अकोल्याला. अमरावती हाकेच्या अंतरावर, तिथे डोळ्यांचे डॉक्टर गल्लोगल्ली. तसं म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "अमरावतीचं मशीन मले पटत नाही." डोळ्यांत थेंब टाकल्यावर धूसर दिसतं, सोबत माणूस लागतं, मी येतो म्हटलं, तर तेही नको. "तुमी शाळा पाहा."

परवा त्यांच्या तारखेलाच मला अकोल्यात काम निघालं, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. दवाखान्याच्या बाकावर त्यांची लेक सुनंदा सासरहून, तेल्हाऱ्याहून येऊन बसली होती. सोबतीचं माणूस तीच. काका थेंब टाकून डोळे मिटून बसले आणि ती सासूपासून म्हशीपर्यंत सगळं सांगत राहिली.

डॉक्टरांनी नवा फोटो पाहिला. "काका, नसा पूर्ववत झाल्यात. आता यायची गरज नाही."

"कोन म्हनते?"

"मशीन म्हणतंय."

"मंग मशीन बिघडलं. मी सांगून राह्यलो ना, फुगेल हायेत."

बरं केलं म्हणून डॉक्टरशी भांडणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेरची माणसं दारात जमली. काका खुर्ची सोडेनात. "पुन्हा फुगनार नाहीत, असं कागदावर लिहून द्या. नाही तं तारीख द्या." असं कोण लिहून देणार? डॉक्टरांनी हात टेकले आणि सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.

सुनंदा ऑटो पाहायला रस्त्यावर गेली. मी चिडून म्हटलं, "काका, हा कसला हट्ट?"

"लेकीच्या घरी बापानं उगाच जाऊन बसनं बरं दिसत नाही, मास्तर," ते हळूच म्हणाले. "अन् तिले माहेरी धाडा म्हनलं, तं त्यायच्याकडं कधी कापसाची वेचनी, कधी पाहुने. दवाखाना म्हनलं का कोनी अडवत नाही."

मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून मी मशीनवर वाद घालत होतो.

सुनंदाने बापाला हात धरून ऑटोत बसवलं आणि माझ्याजवळ येऊन आवाज खाली केला. "नसा उतरल्या हे गावात बोलू नका, मास्तर. गोष्ट तेल्हाऱ्यापर्यंत जाते."