डेलने सांगितलेलं कोरडं हवामान

माणूस एका कामातून निवृत्त झाला की उरलेल्या सगळ्या कामांतला जाणकार होतो, असा जगाचा नियम आहे. जो निवृत्त झालेला नाही त्याला कोण विचारणार? तो बिचारा कामात असतो.

डेल टॉफ्टे तेवीस वर्षं रॉक बँडमध्ये गिटार वाजवत होता. बँड मोडला तेव्हा त्याचा उजवा कान कायमचा गेलेला होता. कॅनडातल्या सस्कॅचेवनमध्ये आमच्या गावाला लागून त्याने जमीन घेतली, अकरा मेंढ्या आणल्या आणि चौथ्या महिन्यात रेडिओवर शेतीचा कार्यक्रम सुरू केला. (तेव्हा नऊ मेंढ्या शिल्लक होत्या. गेलेल्या दोघींवर पहिले दोन भाग झाले.)

कार्यक्रम उत्तम होता. आवाज असा, की शेणखतावर बोलला तरी ऐकणाऱ्याच्या हातातला चमचा थांबावा. श्रोत्यांचे फोन तो उजव्या कानाने घेई, त्यामुळे प्रश्नांचा उत्तरांना कधी अडथळा झाला नाही. आमच्या भागात दोनशे बारा शेतकरी. पैकी एकशे नव्वद जण त्याच्या सांगण्यावरून गवत कापू लागले. उरलेल्या बाविसांत सोळा जणांचे रेडिओ बिघडले होते, पाच जण गुरं पाळत नव्हते, आणि एक मी, असं मी सांगत असे.

हवामान ठरवण्याची पद्धत अशी. रोज सकाळी आम्ही सात-आठ म्हातारे कर्लिंगच्या, म्हणजे हिवाळ्यात बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलमध्ये कॉफीला बसतो. डेल येऊन आमचं ऐके आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर सांगे, "जाणती माणसं म्हणतात, तीन दिवस कोरडं." ते रेडिओवर ऐकून आम्ही कॉफीला येत असू आणि म्हणत असू, "तीन दिवस कोरडं." दोन उन्हाळे ही पद्धत बिनचूक चालली, कारण ते दोन्ही उन्हाळे कोरडे होते.

तिसऱ्या जुलैत ओरिसिया हनात्युक माझ्या कुंपणाशी आली. नवरा गेल्यापासून चाळीस गाई ती एकटी सांभाळत होती. गवताचं एकच शेत. ते नीट वाळून गंजीत गेलं तर गाई हिवाळा काढणार, नाहीतर विकाव्या लागणार.

"काय रे म्हाताऱ्या, कापू का आज?"

"डेल म्हणाला, तीन दिवस कोरडं."

"डेलला विचारायचं असतं तर रेडिओपाशी उभी राहिले असते. तुला विचारतेय. पन्नास वर्षं गवत कापलंयस ना?"

पाकोळ्या जमिनीलगत उडत होत्या. पश्चिमेचं आभाळ तव्याच्या बुडासारखं झालं होतं. माझा गुडघा पहाटेपासून ठणकत होता. (गुडघ्याचा कार्यक्रम नसतो.)

"त्याने जाणत्या माणसांना विचारून सांगितलंय," मी म्हणालो.

"कोण ही जाणती माणसं?"

"असतील कुणीतरी."

"मग काप म्हणतोस?"

"काप."

तिने कापलं. पाऊस संध्याकाळी आला आणि पाच दिवस राहिला. गवत पडल्या जागी काळं झालं.

रीतसर चौकशी कॉफीवर झाली. रेडिओ बरोबर होता, पाऊस चुकला, असं एकमताने ठरलं. डेलनेही मन मोठं केलं. एरवी मेंढ्यांसाठी तो ओरिसियाचंच गवत घेई. या वर्षी तिच्याकडून नमुन्यापुरतं मूठभर नेलं आणि 'बुरसलेलं गवत कसं ओळखावं' हा भाग केला. तो इतका गाजला, की दोनदा लावावा लागला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो तिला म्हणाला, "तुझ्यामुळे लोक शिकले."

"मीही शिकले, डेल. तू गिटार वाजवायचास तेव्हा नुकसान फक्त तुझ्याच कानाचं व्हायचं."

ती उजव्या बाजूला उभी होती. डेलने हसून आभार मानले.

ऑक्टोबरात तिच्या एकतीस गाई लिलावात गेल्या. (जाहिरात डेलने फुकट केली.) गाई ट्रकमध्ये चढवायला मी गेलो होतो. शेवटची चढली तेव्हा ओरिसिया म्हणाली, "त्या दिवशी गुडघा दुखत होता ना रे तुझा? कुंपण धरून उभा होतास."

"हो," मी म्हणालो.

ती उरलेल्या नऊ गाईंकडे गेली.

ही हकीकत मी आजवर चाळीसेक लोकांना सांगितली. संपली की सगळे पुढे सरकून एकच प्रश्न विचारतात. गवताचा नाही, गाईंचा नाही, ओरिसियाचाही नाही. तुम्हीही तो मघापासून दाबून ठेवलाय, म्हणून सांगतो. बँडचं नाव मला ठाऊक नाही. डेललाच विचारा. रोज सकाळी सहाला तो फोन घेतो, उजव्या कानाने.